गॅस संपत नसतो

मे महिना संपत आला की कोकणात फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाला धड जेवायलाही वेळ मिळत नाही. फोन करणाऱ्यानं निदान आधीच करून ठेवलेलं असतं. ‘डीप फ्रीझर थंड करत नाहीये, गॅस संपला असणार, येताना गॅस घेऊनच या.’ या घाईला कारण असतं. त्या पेटीत तेव्हा घराचा वर्षाचा ऐवज असतो. शेवटच्या आढीतला हापूस पिळून भरलेल्या रसाच्या पिशव्या, फणसाचे गरे, कुयरीच्या फोडी, खोवलेला नारळ, आणि १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून आधीच घेऊन ठेवलेली सुरमई नि कोलंबी. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पानात पडायचा आमरस आधी तीन महिने या पेटीत मुक्कामाला असतो. काही घरांतल्या बायका उकडीचे मोदक, आंब्याचा गर, सोललेली कोलंबी विकतात. त्यांच्यासाठी तर ही पेटी म्हणजे दुकानच.

घाई खरी असते, निदान मात्र बरेचदा चुकलेलं असतं.

गॅस संपत नसतो. शेगडीला लावलेल्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रीझरमधला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. कारखान्यात एकदा भरला की बंद नळ्यांच्या फेऱ्यात तो वीस वर्षंसुद्धा फिरत राहू शकतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती नसेल, तर गॅस जागच्या जागी आहे आणि दुखणं दुसरीकडे आहे. घरातल्या माणसाला एवढं पक्कं ठाऊक असलं तरी दर उन्हाळ्यात ‘गॅस चार्जिंग’च्या नावानं जाणारे पैसे बऱ्याच अंशी वाचतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चांगली पेटी विनाकारण भंगारात जात नाही. कोकणातल्या दुरुस्तीच्या दुकानांबाहेर अशा पेट्या ओळीनं पडलेल्या दिसतात. त्यांतल्या कित्येक वाचवता आल्या असत्या, हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

पेटीचं झाकण वर उघडतं, यातच तिचा मोठा गुण आहे. थंड हवा जड असते. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती आपल्या पायांवर सांडते. पेटीत ती तळाशी बसून राहते. भिंतींत जाड फोम भरलेला असतो. आतल्या भांड्याला बाहेरून एक नळी गुंडाळलेली असते आणि बाहेरच्या पत्र्याला आतून दुसरी नळी चिकटवलेली असते. दोन्ही फोममध्ये गाडलेल्या, म्हणून दिसत नाहीत. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो. बाहेरच्या पत्र्यामागच्या नळीतून जाताना तो आपली उष्णता खोलीतल्या हवेला देतो आणि द्रव होतो. मग तो फिल्टरमधून कॅपिलरीत शिरतो. कॅपिलरी म्हणजे तांब्याची लांब, बारीक नळी; आतलं भोक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. त्या अरुंद वाटेतून बाहेर पडताच दाब एकदम पडतो, द्रव उकळायला लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या रसातून, माशांतून ओढून घेतो. वाफ परत कॉम्प्रेसरकडे जाते. एवढाच फेरा. त्यात हलणारा भाग एकच, आणि तोही तेलात बुडालेला, कायमच्या वेल्ड केलेल्या डब्यात बंद. म्हणून हे यंत्र टिकतं.

म्हणूनच चालू पेटीचा बाहेरचा पत्रा कोमट लागतो. तो तसा लागलाच पाहिजे. नवी पेटी घेतलेली माणसं या उबेला घाबरतात, आणि तीच ऊब निघून गेल्यावर मात्र त्यांच्या लक्षात येत नाही. पेटी भिंतीला टेकवणं, वर जाड चादर टाकणं, दोन्ही बाजूंना तांदळाची पोती रचणं, या सगळ्यानं उष्णता कोंडते आणि कॉम्प्रेसरला विश्रांती मिळत नाही. सगळीकडून वीतभर जागा सोडावी. कुलपासाठी कडी बसवायला सुताराकडून पत्र्याला भोक पाडून घेणं तर साफ टाळावं. त्या पत्र्यामागे नेमकी नळी कुठून गेलीय, हे सुताराला दिसत नाही.

आता दुखणं कसं ओळखायचं ते सांगतो. इथे कान आणि तळहात मीटरइतकेच उपयोगी पडतात.

पहिली तऱ्हा. पेटी दोन-चार सेकंद घुमते, ‘टक्’ असा आवाज होतो, सगळं शांत होतं आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच सुरू होतं. असं होत असेल तर गॅसचा विचार मनातून काढून टाकावा. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय आणि त्याच्या अंगावर बसवलेला ओव्हरलोड त्याला जळण्यापासून वाचवतोय. दोष रिलेत, कपॅसिटरमध्ये, ओव्हरलोडमध्ये किंवा भिंतीतून येणाऱ्या कमी दाबाच्या विजेत असू शकतो. हे तिन्ही सुटे भाग कॉम्प्रेसरच्या कुशीतल्या प्लास्टिकच्या टोपीखाली असतात आणि नव्या कॉम्प्रेसरच्या मानानं अगदी स्वस्त असतात. कोकणात त्या टोपीखाली आणखी एक गिऱ्हाईक असतं. तिथली ऊब मुंग्यांना, पालींना आवडते. माझ्या आत्याकडची पेटी एका पावसाळ्यात अशीच बंद पडली होती. टोपी काढली तर रिलेत मुंग्यांचं वारूळच. रिले बदलला, जागा झाडून काढली, पेटी चालू झाली. गॅस भरायला कोणी आला असता तर पैसे गेले असते आणि मुंग्या तिथेच राहिल्या असत्या.

कॉम्प्रेसरच खरोखर जळालाय का, हे पाहणंही अवघड नाही. टोपीखाली तीन पिना असतात: एक सामाईक, एक सुरुवातीच्या वेटोळ्याची, एक चालत्या वेटोळ्याची. प्लग काढून मल्टिमीटरनं दोन-दोन पिनांमधला रोध मोजायचा. तीन आकड्यांतले लहान दोन मिळून मोठ्या आकड्याइतके भरले तर वेटोळी बहुधा शाबूत आहेत. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल, तर वेटोळं तुटलेलं असू शकतं. पण कॉम्प्रेसर फार तापलेला असेल आणि आतलं संरक्षण उघडलं असेल, तरीही असंच दिसतं, म्हणून तो थंड होऊ द्यावा आणि पुन्हा मोजावं. कुठल्याही पिनेचा आणि कॉम्प्रेसरच्या धातूचा संबंध लागत असेल, तर मात्र वीज अंगावर उतरलेली आहे आणि त्या पेटीला दुरुस्त होईतोवर हात लावू नये. ‘कॉम्प्रेसर गेला’ असं कोणी सांगितलं की हे मोजमाप आपल्यासमोर करून दाखवायला सांगावं. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

दुसरी तऱ्हा. कॉम्प्रेसर अखंड चालतो, थांबतच नाही, बाहेरचा पत्रा थंडगार आणि आत बर्फाची पुटं फक्त एका कोपऱ्यात. बाकीच्या भिंती ओल्या. हे गॅस कमी झाल्याचं लक्षण. मेकॅनिक तारेभोवती क्लॅम्प मीटर लावतो तेव्हा प्रवाहही पेटीवरच्या पाटीत लिहिलेल्यापेक्षा कमी दिसतो, कारण दाबायला आत पुरेसा गॅसच नाही. इथे गळती शोधायलाच हवी.

तिसरी तऱ्हा फसवी आहे. पेटी काही तास उत्तम गोठवते, मग आपोआप ढिली पडते, बर्फ सुटतो, आणि पुन्हा काही वेळानं जणू काही झालंच नव्हतं अशी चालू लागते. नळ्यांच्या आत पाण्याचा अंश राहिलाय. कॅपिलरीच्या तोंडाशी तो गोठतो, वाट बंद होते. थंडावा थांबला की तोच बर्फ वितळतो आणि वाट मोकळी होते. मेकॅनिक याला ‘मॉइश्चर चोक’ म्हणतात. हे दुखणं पेटी स्वतःहून आणत नाही. मागच्या दुरुस्तीत कोणीतरी ते आत सोडलेलं असतं.

इथेच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो.

गळती झालेल्या पेटीची दुरुस्ती प्रामाणिकपणे करायची तर क्रम असा. उरलेला गॅस काढायचा. नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबानं भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहायचं. (ऑक्सिजनचा सिलिंडर वेल्डिंगसाठी हाताशी असतो म्हणून तोच वापरणारे आहेत. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होतो, आणि त्यात माणसं मेलेली आहेत.) गळती सापडली की तो जोड पुन्हा ब्रेझ करायचा. फिल्टर-ड्रायर नवाच बसवायचा, कारण जुन्याच्या आतले ओलावा शोषणारे दाणे हवेशी गाठ पडताच भरून गेलेले असतात. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि तिच्याबरोबरचं बाष्प उपसून काढायचं. पंप बंद करून काटा जागेवर राहतो का ते काही वेळ पाहायचं. आणि शेवटी गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा, पाटीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकेच.

या साखळीत सगळ्यात वेळखाऊ पायरी व्हॅक्यूमची, आणि वगळली जाते ती नेमकी तीच. पंप महाग, मोटारसायकलवर न्यायला जड, आणि गिऱ्हाईक शेजारी उभं राहून घाई करत असतं. मग एखाद्या जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर पंप म्हणून लावला जातो, किंवा थोडा गॅस आत सोडून हवा बाहेर ढकलली, की झालं. रत्नागिरीत जुलै महिन्यात हवा इतकी ओली असते की खारे दाणे तासाभरात मऊ पडतात. तीच हवा नळ्यांत राहते. आर-१३४ए गॅसबरोबर वापरलं जाणारं कृत्रिम तेल तर ओलावा आपणहून ओढून घेतं. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या वेटोळ्यांवरचा लेप खात राहतं. पेटी त्या दिवशी थंड होते, पैसे दिले जातात, आणि वर्षाच्या आत पुन्हा फोन जातो की गॅस संपला. मधल्या काळात कॉम्प्रेसर आतून खराब होत असतो. दरवर्षी गॅस भरावी लागणारी पेटी म्हणजे एकदाही नीट दुरुस्त न झालेली पेटी.

कारागिराला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. पंप, वजनकाटा, नायट्रोजन, गेज हा सरंजाम स्वतःच्या पैशानं घ्यायचा, वीस-पंचवीस किलोमीटर घाटरस्त्यानं जायचं, आणि ‘दहा मिनिटांचं काम, एवढे पैसे?’ हे ऐकायचं. आयटीआयमध्ये या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे; पण कित्येक जण कोणा उस्तादाच्या हाताखाली शिकतात आणि उस्ताद करेल तेच करतात. केंद्र सरकारनं मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्यात २०२२-२३ पर्यंत या क्षेत्रातल्या एक लाख कारागिरांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. ते शिक्षण गावच्या नाक्यावरच्या दुकानापर्यंत पोचायला हवं, आणि त्या शिक्षणाची किंमत मोजायला गिऱ्हाइकानंही तयार व्हायला हवं. अर्धा दिवस पंप लावून बसणाऱ्याला जास्त पैसे द्यावेत. तोच स्वस्त पडतो.

गळती मुळात होते कुठे? बऱ्याचदा जोडांवर. समुद्राकाठी खालच्या बाजूला, जिथे खारी हवा आणि फरशीवरची पावसाळी ओल पोलादी नळीला गंजवते. उंदीर सहसा तारा कुरतडतात, पण त्यांचं बिऱ्हाडही त्याच उबेच्या जागी असतं. यासाठी पेटी जमिनीवर थेट ठेवू नये. स्टँडवर ठेवली की खालून वारा खेळतो आणि झाडूही फिरतो. मागच्या पडवीत जागा असते म्हणून पेटी तिथे जाते आणि दुपारभर उन्हात तापते. त्यापेक्षा माजघरातला कोपरा बरा. कॉम्प्रेसरची जाळी काढून, प्लग उपसून, वर्षातून दोनदा कोरड्या ब्रशनं धूळ झाडावी. पेटीला अर्थिंग असलंच पाहिजे. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून लोखंडी पेटीचं झाकण उघडणाऱ्या बाईचा जीव त्या तिसऱ्या पिनेवर असतो.

पण घरातल्या माणसाच्या हातून होणारी सगळ्यात महाग गळती समुद्रामुळे नसते, सुरीमुळे असते. आत बर्फाची जाड साय धरते. पिशव्या भिंतीला चिकटतात, आणि पाहुणे येऊन बसलेले असतात. मग सुरी, उलथनं, कधी कोयतीसुद्धा. आतलं भांडं पातळ पत्र्याचं असतं आणि त्याच्या लगेच मागे नळी. एक घाव, ‘फुस्स्’ असा आवाज, आणि गॅस गेला. ही नळी फोममध्ये असल्यामुळे नेमकी गळती गाठणं फार कठीण. तरी आपल्याकडच्या हुशार कारागिरांनी यावर वाट काढलेली आहे: जुनी नळी बाद करून आत भांड्यालगत तांब्याची नवी कॉइल फिरवतात. बाहेरची नळी फुटली तर तीही बाद करून मागे पंख्याचा वेगळा कंडेन्सर बसवतात. काम नीट केलं तर पेटी पुढे बरीच वर्षं चालते. मात्र आतली कॉइल आता उघडी असते, म्हणजे सुरी पूर्वीहून जास्त घातक.

बर्फाचा थर पाव इंचावर गेला की पेटी खाली करावी. सामान गोधडीत किंवा थर्मोकोलच्या खोक्यात गच्च एकत्र ठेवावं. प्लग काढावा, झाकण उघडावं, तळाचं पाणी सोडायचं बूच काढावं आणि आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण लावून टाकावं. बर्फ स्वतःच भिंत सोडतो. हातानं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं तो उचलावा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आतून पुसून, कोरडी करून मगच पेटी चालू करावी. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी हे एकदा केलं की पावसाळ्यात त्रास कमी होतो.

वारंवार बर्फ धरत असेल तर रबर तपासावं. रात्री मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवावा, झाकण मिटावं, घरातला दिवा मालवावा. कुठून उजेड फुटतो ते दिसतं आणि दमट हवा तिथूनच आत जाते. रबर बदलण्याआधी ते साबणाच्या पाण्यानं धुवावं. माशांचं पाणी आणि रसाचा चिकटा कडेला वाळला की झाकण टेकत नाही. वाकडं झालेलं रबर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं शेकलं तर पुष्कळदा मूळ जागी येतं. आणि एक गोष्ट नव्यानं पेटी घेणाऱ्यांसाठी. झाकण मिटल्यावर लगेच पुन्हा उघडत नाही, कारण आत शिरलेली उबदार हवा थंड होऊन आकसते आणि झाकण ओढून धरते. कडी हिसकू नये. दोन-तीन मिनिटं थांबलं की ते आपसूक सुटतं.

विजेचं दुखणं गावोगाव वेगळं. डीपीपासून शेवटच्या घराला संध्याकाळी मिळणारा दाब आणि बाजारपेठेतला दाब यांत मोठी तफावत असते. मोटर सुरू होतानाचा जोर विजेच्या दाबाच्या वर्गाप्रमाणे घटतो. म्हणजे २३०च्या जागी १८० व्होल्ट आले तर जोर साधारण साठ टक्क्यांवर येतो. कॉम्प्रेसर उठत नाही, तापतो, ‘टक्’ होतो. लाईट जाऊन लगेच आली तरी तेच, कारण नळ्यांतले दाब सारखे व्हायला काही मिनिटं लागतात आणि त्याआधी सुरू होणं कॉम्प्रेसरला झेपत नाही. तीन मिनिटांचा विलंब देणारा, पेटीच्या क्षमतेला साजेसा स्टॅबिलायझर इथे चैन नव्हे. विजेचा लपंडाव सुरू झाला की प्लग काढून ठेवणं हा बिनपैशांचा उपाय.

पेटीवर आणखी एक अन्याय हंगामात होतो, तो एकदम भरण्याचा. आमरसाच्या चाळीस पिशव्या एकाच दुपारी आत जातात. घरगुती पेटी साठवणीसाठी बनवलेली असते. तिची गोठवण्याची ताकद मर्यादित. ३०० लिटरच्या पेटीत दिवसाला दहा ते चौदा किलोपेक्षा जास्त नवं सामान घालू नये, असा हिशेब आहे. त्याहून जास्त घातलं की सगळंच सावकाश गोठतं. सावकाश गोठताना बर्फाचे कण मोठे होतात, माशाच्या पेशी फोडतात, आणि सुरमईची तुकडी वितळताना पाणी सोडून भुसभुशीत होते. पिशव्या पातळ, चपट्या भराव्यात, आधी फ्रीजमध्ये गार कराव्यात आणि पहिल्या दिवशी भिंतींना लागून ठेवाव्यात. पिशवीतली हवा दाबून काढली नाही तर बर्फाची थेट वाफ होते, मासा वाळतो, पांढरट डाग पडतात. आत थर्मामीटर ठेवावा आणि तो उणे १८च्या आसपास आहे ना, ते अधूनमधून पाहावं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पेट्यांना कूलर आणि फ्रीझर असं दुहेरी बटण असतं. पुसता पुसता ते कूलरवर सरकतं आणि महिन्याचे मासे जातात. तिथेही फोन गॅसच्याच नावानं होतो.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. त्याच्या तडाख्यात दापोली-मंडणगडचा भागही आला. विजेचे खांब झोपले, आणि काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले. तारीख पाहा: रस भरून झालेला, मासे भरून झालेले, पेट्या काठोकाठ. त्यात कोरोनाच्या टाळेबंदीमुळे आंबा पाठवता आला नव्हता, तेव्हा पुष्कळ घरांनी एरवीपेक्षा जास्त रस काढून ठेवला होता. सगळा गेला. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुन्हा अंधार झाला.

इतक्या दिवसांच्या अंधारापुढे कुठलीच पेटी टिकत नाही. पण दोन दिवसांचा अंधार पेटी निभावून नेते, जर ती भरलेली असेल आणि झाकण कोणी उघडलं नाही तर. गच्च भरलेली पेटी साधारण ४८ तास, अर्धी भरलेली २४ तास. याचं कारण बर्फाच्या स्वभावात आहे. एक किलो बर्फ उणे १८वरून शून्यावर यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ नऊ पट उष्णता त्याच शून्यावरच्या बर्फाचं पाणी व्हायला लागते. थंडावा साठतो तो गोठलेल्या पाण्यात; रिकाम्या जागेतल्या हवेत काही साठत नाही. म्हणून हंगाम सरून पेटी निम्मी झाली की मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात, गोठताना पाणी फुगतं म्हणून तोंडाशी चार बोटं जागा सोडून. वादळाचा इशारा आला की तापमान अगदी खाली करून टाकावं, आणि वीज गेल्यावर ‘बघू तरी’ म्हणून झाकण उघडू नये.

वीज आल्यावर ठेवायचं काय, टाकायचं काय? आत बर्फाचे कण शिल्लक असतील, किंवा थर्मामीटर ४ अंशांच्या खाली असेल, तर बहुतेक सामान पुन्हा गोठवता येतं. चव थोडी उतरते एवढंच. रस आंबला की वासावरून कळतं. माशांच्या बाबतीत नाकावर भिस्त ठेवू नये. बांगडा, कुपा, सुरमई हे मासे ऊब मिळताच हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार करू लागतात. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं हा त्याचाच प्रताप. एवढ्या पैशांचा मासा टाकायला जीव होत नाही, हे खरं आहे, तरी टाकावा.

आता गॅसच्या जातींबद्दल, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. जुन्या पेट्यांत आर-१२ होता. ओझोनच्या थराला तो खातो हे सिद्ध झाल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि तो गॅस हळूहळू बाजारातून गेला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. ओझोनला तो निरुपद्रवी. पण हवेत सुटला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांत सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. म्हणून आता आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन, आणि मोठ्या पेट्यांत आर-२९०, म्हणजे प्रोपेन. हे दोन्ही पर्यावरणाला सौम्य, विजेला काटकसरी, आणि ज्वलनशील. म्हणून घरगुती यंत्रात ते थोडेच भरतात, बहुधा शंभर ग्रॅमच्याही आत.

अशा पेटीच्या कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चिन्ह असतं. घरातल्यांनी ते आज, मेकॅनिकला बोलवायची वेळ येण्याआधी, पाहून ठेवावं. त्या पेटीच्या नळीला गॅस पूर्ण काढल्याशिवाय ब्रेझिंगचा टॉर्च लावणं म्हणजे आगीला बोलावणं. आयसोब्यूटेन हवेपेक्षा दुप्पट जड, जमिनीलगत साठतो, आणि बंद खोलीत चूल किंवा देव्हाऱ्यातली समई त्याला पुरते. काम उघड्या पडवीत, वाऱ्यावर करून घ्यावं. आर-६००एच्या पेटीत आर-१३४ए भरून ‘चालतंय की’ म्हणणाराही टाळावा. कॉम्प्रेसरचा आकार, तेल, कॅपिलरी सगळं एका गॅससाठी ठरवलेलं असतं. आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस भरून देतो असं कोणी सुचवलं, तर त्याला पेटीला हात लावू देऊ नये.

दुरुस्त करावी की नवी घ्यावी? माझं मत स्पष्ट आहे. रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, रबर, झाकणाचे बिजागर, बाहेरच्या जोडाची गळती यासाठी पेटी कधीही टाकू नये, तिचं वय काहीही असो. कॉम्प्रेसर गेला असेल तर पेटीचा फोम पाहावा. बाहेरच्या पत्र्याला एका ठिकाणी सतत घाम येत असेल, तर तिथला फोम पाणी प्यालाय. असा फोम सगळीकडे असेल तर नवा कॉम्प्रेसर घालण्यात अर्थ नाही. तो रात्रंदिवस धावत राहील आणि विजेचं बिल सांगेल. फोम कोरडा आणि नळ्या शाबूत असतील तर कॉम्प्रेसर जरूर बदलावा, नवा आणि पावतीसकट. कराडसारख्या आपल्याच गावी कॉम्प्रेसर बनवण्याची परंपरा आहे. सुटा भाग परदेशातून यायचाय म्हणून महिना थांबावं लागेल, असं दर वेळी मान्य करायचं कारण नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी म्हणून. अशी माहिती गावच्या मेकॅनिकला त्याच्या भाषेत मिळाली, तर त्याचा अंदाजपंचे कारभार पुष्कळ कमी होईल.

पेटी दुसऱ्या घरी न्यायची असेल तर उभीच न्यावी. आडवी करावीच लागली तर नेल्यावर निदान काही तास उभी ठेवून मगच चालू करावी, म्हणजे नळ्यांत गेलेलं तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरतं.

आणि सगळे उपाय थकले तर? भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो आणि जुना गॅस सरळ हवेत जातो. जुन्या फोममध्येही ओझोनला मारणारे वायू कोंडलेले असतात. फोम फुगवायला वापरलं जाणारं एचसीएफसी-१४१बी भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झालं, पण त्याआधीच्या पेट्या अजून घराघरांत आहेत. २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या यंत्रांच्या नोंदणीकृत केंद्रांत होणाऱ्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी पेटी घेताना जुनी परत घेण्याबद्दल दुकानदाराला विचारावं आणि नुसत्या तोंडी होकारावर थांबू नये.

किनाऱ्यावर मात्र मेलेली पेटीही कामाला येते. कॉम्प्रेसर काढलेल्या, फोम शाबूत असलेल्या पेटीत मच्छीमार बर्फ आणि मासळी भरतात. परसात कोणी त्यात गुरांचं खाद्य ठेवतं, कोणी भाताचं बियाणं, कारण उंदीर आत शिरत नाहीत. अशी पेटी ठेवायची असेल तर आधी तिची कडी-कुलूप तोडावं, शक्य असेल तर झाकणाचं रबर ओढून काढावं. लपाछपी खेळणारं पोर आत शिरलं आणि झाकण पडलं, तर आतून ते उघडत नाही, आवाज बाहेर येत नाही आणि हवा फार वेळ पुरत नाही. हे काम पेटी परसात नेण्याच्या आधी करावं, नंतर ते राहून जातं.